उरलेला चिंचोका

शिंगोटे गुरुजींना खोटं बोलता येत नसे आणि त्याचा त्रास त्यांच्यापेक्षा इतरांनाच जास्त व्हायचा. मी त्यांच्या शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, की बाई, तुमचं अक्षर सुरेख आहे, पण फळ्यावर ते तिरकं चढत जातं, पोरं मान वाकडी करून वाचतील. मी जुन्नरची, डी.एड.ला वर्गात पहिली आलेली. नाकाला मिरच्या झोंबल्या. पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुतळी धरून रेघा मारल्या, हेही खरंच.

पेठच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की ते गाव लागतं. दोन शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. पाचवीला पोरं चालत पेठला जायची, आणि जायची की नाही हे चौथीच्या शेवटी घरोघरी ठरायचं. मुलांचं सहसा ठरलेलंच असे. मुलींचं ठरवायला मात्र कारण लागायचं, जायलाही आणि न जायलाही. नव्वदीच्या मधली वर्षं ती. शिवारात टोमॅटो नुकताच शिरला होता आणि तोडणीला हात कमी पडत होते.

गुरुजी शेतकऱ्याच्या घरातले. पांढरा पायजमा, जाड सदरा, टोपी. सदऱ्याच्या एका खिशात खडू असायचे, दुसऱ्यात चिंचोके. चिंचोक्यांवर ते बेरीज शिकवत, वजाबाकी शिकवत, नदीला उपनद्या कशा मिळतात तेही जमिनीवर चिंचोके मांडून दाखवत. चालताना खिसा खुळखुळायचा. त्यामुळे ते यायच्या आधीच वर्ग गप्प झालेला असे, आणि त्यांना आपल्या दराऱ्याचं उगाच कौतुक वाटे.

त्यांचा शब्द म्हणजे गावात शेवटचा शब्द. एकदा नारायणगावकडचे पाव्हणे एका मुलाची चौकशी करायला आले. पाव्हणे चौकशीला आले की सगळं गाव मुलाचं गुणगान गातं, ही रीतच आहे. गुरुजींनी सांगितलं, पोरगा निर्व्यसनी आहे, हिशेबाला चोख आहे, पण सकाळी उठत नाही. मुलाच्या बापाचा चेहरा पडला. पाव्हण्यांनी मात्र लग्न जमवलं. ज्या गावात मास्तर एवढं खरं सांगतो तिथं बाकीचंही खरंच असणार, असा त्यांचा हिशेब. तो मुलगा अजूनही उशिरा उठतो आणि संसार नीट चाललाय. मुद्दा एवढाच, की "गुरुजी म्हणलं" एवढं सांगितलं की गावात वाद संपायचा. खरं सांगायचं तर गुरुजींना हे आवडायचं. बोलणं संपवताना ते "खरं तेच" असं म्हणत आणि टोपी जरा पुढे ओढत.

आता स्पीकरचं सांगते.

आमच्या शाळेत पालकसभा भरायची नाही. बोलावलं तरी कोण येणार? सगळ्यांना रानातली कामं. म्हणून गुरुजींनी स्वतःची एक पद्धत काढली होती. जूनमध्ये शाळा उघडली की, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरं सत्र सुरू झालं की, ते सकाळी मारुतीच्या देवळात जात. त्या वेळी सगळं गाव दूध घालायला डेअरीवर जमलेलं असे. देवळातला स्पीकर धोंडूमामा गुरवाच्या ताब्यात. आरती संपली की मामा मशीन चालूच ठेवी, आणि गुरुजी माईकपुढे उभे राहून या सत्रात कोणती इयत्ता कुठल्या विषयात काय शिकणार, ते अख्ख्या गावाला सांगत.

माईकवर ते अगदी पुस्तकातलं शुद्ध बोलायचे. एरवी गावात बसले की आपलं घरचं, मोकळं. पण माईक पुढे आला की एकेका शब्दाला इस्त्री. पहिलीची मुले या सत्रात शंभरपर्यंत अंक लिहितील, तरी पालकांनी त्यांना घरी शेळ्या मोजावयास लावाव्यात, कोंबड्या नकोत, त्या हलतात. दुसरीला घड्याळ आहे, ज्यांच्या घरचे घड्याळ बंद असेल त्यांनी त्यात सेल घालावा. तिसरीला आपल्या जिल्ह्याचा भूगोल आहे, मुलांनी कुकडी, मीना आणि घोड या नद्या कोठून येतात असे विचारल्यास वडिलांनी "मला काय ठाऊक" असे म्हणू नये. परिसर अभ्यासात बी रुजवायचे आहे, मुलांनी मूठभर मटकी मागितल्यास मातांनी ओरडू नये. चौथीला इतिहासात किल्ले आहेत, त्यातला पहिला तर आपण रोज लांबून पाहतोच. खेळात लंगडी आहे, सबब चपलांची काळजी घ्यावी.

डेअरीवर लोक कॅन खाली ठेवून ऐकत. मध्येच कुणीतरी म्हणे, "आयला, घोड कुठनं येती राव?" आणि त्यावर वाद पेटे. मटकीवरून बायका हसत. मी त्या गावात राहत होते, माझीही छोटी किटली घेऊन रांगेत असे. माझ्याच वर्गाचा अभ्यास मला तिथं उभ्या उभ्या कळायचा. पण खोटं कशाला बोलू, त्या दहा-पंधरा मिनिटांत शाळा साऱ्या गावाची व्हायची. मी पुढे बऱ्याच शाळा पाहिल्या, पण हे कुठं पाहिलं नाही.

त्या वर्षी चौथीत सुवर्णा होती. तुकाराम भोराची थोरली. पाठीला तीन भावंडं, त्यातलं सगळ्यात धाकटं कायम तिच्या कडेवर. ते पोर शाळेतही यायचं आणि वर्गात कोपऱ्यात झोपायचं. सुवर्णा वाचायची छान, कविता म्हणताना लाजायची नाही. घोडं अडायचं ते फक्त भागाकारापाशी. वरवरचा भागाकार जमायचा, पण बाकी उरायला लागली की उत्तर हमखास चुकायचं. बाकीच्या जागी ती काही लिहायचीच नाही, आणि भागाकार एकाने वाढलेला असायचा. गुरुजींनी तिला फळ्यापुढे उभं केलं, पाटीवर मांडून दाखवलं, चिडून पाहिलं, समजावून पाहिलं. ती मान डोलवायची आणि पुन्हा तेच करायची. गुरुजींसारख्या माणसाला हे लागायचं. मला म्हणाले होते, ही पोरगी मुद्दाम करते की तिच्या डोक्यात शिरतच नाही, तेच मला कळत नाही.

दिवाळीनंतरची ती सकाळ. थंडी पडली होती. मी रांगेत होते आणि माझ्या पुढे तुकाराम, हातात कॅन. वर देवळात गुरुजींचं सगळं सांगून झालं. चौथीला या सत्रात मोठा भागाकार आहे, असं सांगून त्यांनी "धन्यवाद" म्हटलं. मग नेहमी खटका दाबल्याचा आवाज येतो तो आला नाही. त्याऐवजी धोंडूमामाचं खोकणं ऐकू आलं. मग मामांचाच आवाज, की गुरुजी, आमच्या तुकारामाची पोरगी काय म्हणतीय, जाईल का यंदा पेठला?

आणि गुरुजी बोलले. माईकवरचं नव्हे, आपलं घरचं बोलले.

"बाकी समदी निघत्याल, मामा. सुवर्णीचं काय खरं न्हाई. भागाकार तिला ह्या जन्मात यायचा न्हाई."

गुरुजींना मी पुष्कळ ओळखते, त्या बोलण्यात तुच्छता नव्हती. दमलेला माणूस बोलतो तसं ते होतं. पण शब्द स्पीकरवरून गेले. डेअरीवर कुणी हसलं नाही, कुणी वर बघितलं नाही. नंतर कधीतरी खटका वाजला. तुकाराम पुढे सरकला, दूध मापून घेतलं, आणि माप घेणाऱ्याला विचारलं, "फॅट किती लागली?" एवढंच. सुवर्णा भावाला कडेवर घेऊन डेअरीच्या पायरीवर उभी होती. तिनं त्याची टोपी नीट केली.

गुरुजींना हे शाळेत आल्यावर मीच सांगितलं. आधी त्यांना कळेचना. मग ते खुर्चीवर बसले आणि कितीतरी वेळ टेबलावरचा खडूचा भुगा बोटानं गोळा करत राहिले. त्या दिवशी सुवर्णा शाळेत आली होती. हजेरी घेताना तिच्या नावाशी ते थांबले, आणि ती "हजर" म्हणाली.

संध्याकाळी ते तुकारामाच्या घरी गेले. एकट्यानं जायचा धीर होत नव्हता म्हणून मला बरोबर नेलं. तुकारामानं घोंगडी टाकली, चहा सांगितला. तुकाराम हा काही तापट माणूस नव्हता, आणि तेच अवघड होतं. गुरुजींनी हात जोडले. म्हणाले, माझं चुकलं, पोरगी हुशार आहे, मी वैतागून बोलून गेलो, तिला भागाकार नक्की येईल, तिला पेठला धाडा. तुकारामानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तुमी खोटं बोलत न्हाई ह्ये साऱ्या गावाला ठावं हाय. मला येकच सांगा. आत्ता माज्या तोंडावर बोलताय त्ये खरं धरू, का माज्या माघारी बोलला त्ये?"

गुरुजींनी जोडलेले हात खाली घेतले. आयुष्यभर जमवलेली पत अशी एका पोरीच्या वाटेत आडवी आली होती. चहा आला. सुवर्णानंच आणला. गुरुजींनी कप घेतला आणि तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा देवळात गेले आणि माईकवरून सगळ्या गावासमोर माफी मागितली. काल माझ्याकडून एका विद्यार्थिनीविषयी अनुचित उद्गार निघाले, ते सर्वस्वी चुकीचे होते, मी त्याबद्दल दिलगीर आहे. लोक गहिवरले. एवढा मोठा माणूस, पण मन बघा, असं जो तो म्हणू लागला. गुरुजींचा मान वाढला आणि सुवर्णाचं काहीच झालं नाही. तुकाराम मला म्हणाला, की बाई, गुरुजी शुद्ध बोलायला लागलं का समजावं, त्ये कामाचं बोलत्यात. मनातलं त्ये आपल्या भाषेत बोलत्यात.

त्यानंतर सुवर्णा रोज शाळेत आली. पण भागाकाराची उदाहरणं ती नुसती उतरवून घेई. सुबक अक्षरात मांडणी करी आणि उत्तराची जागा कोरी ठेवी. चुकीचं उत्तर असतं तर निदान बोलता आलं असतं. गुरुजी तिला शाळा सुटल्यावर थांबवत, तिच्या भावाला मांडीवर घेऊन शिकवत. ती "व्हय गुरुजी" म्हणे, आणि जागा कोरीच. परीक्षेत बाकीच्या विषयांच्या जोरावर ती चांगली पास झाली. गुरुजींनी पास केली म्हणून झाली, असं घरात धरलं गेलं. जूनमध्ये बाकीची पोरं नवी दप्तरं घेऊन पेठच्या वाटेला लागली आणि सुवर्णा आईबरोबर टोमॅटोच्या तोडणीला.

तिथून पुढचे गुरुजी मी पाहिले ते निराळेच होते. स्पीकरवर ते पुन्हा गेले नाहीत. जून आला, लोकांनी विचारलं, धोंडूमामानं मशीन पुसून ठेवलं, पण गुरुजी नाही म्हणाले. त्याऐवजी ते घरोघर जाऊ लागले. उंबऱ्याबाहेर उभे राहून, हळू आवाजात, त्या त्या घरच्या पोराचं तेवढंच सांगायचे. तिसरीला भूगोल आहे, मटकी लागेल. आणि शेजारणीनं कान दिला की बोलणं थांबवायचे. स्थळाच्या चौकशीला कुणी आलं तर म्हणायचे, तुम्हीच बघा पाव्हणं, मला माणसातलं कळत नाही. "खरं तेच" हे तर तोंडातून गेलंच. गाव म्हणू लागलं की गुरुजी थकले. मला राग यायचा. एवढं कुणी स्वतःला जाळून घेतं का, असं एकदा मी तोंडावर बोलले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, माझी शिक्षा मी ठरवली असती तर आत्तापर्यंत संपली असती. तिची चालूच हाय ना."

दर जूनला शाळा उघडायच्या आधी ते तुकारामाकडे जायचे. अजून वेळ गेली नाही, असं म्हणायचे. तुकाराम चहा द्यायचा. एका वर्षी गेले तेव्हा दाराला आंब्याचं तोरण होतं. सुवर्णाचं लग्न ठरलं होतं, आळेफाट्याच्या पलीकडे. त्या वर्षी त्यांनी चहा घेतला नाही.

गुरुजींच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पहिलीपासून इंग्रजी आलं. आम्ही सगळेच धास्तावलो. गुरुजी मात्र खुलले, ही गंमत. ते माझ्या वर्गात येऊन पोरांमध्ये खाली बसायचे आणि सांगायचे, की मला हे येत नाही, तुम्हालाही येत नाही, आपण बरोबरच शिकू. "मला येत नाही" हे वाक्य ते इतक्या आनंदानं म्हणत की पोरंही घरी जाऊन तसंच म्हणू लागली आणि आयांनी माझ्याकडे तक्रारी आणल्या. ते शब्द चुकीचे उच्चारायचे, पोरं त्यांना दुरुस्त करायची, आणि ते कान पकडायचे. त्या वर्षभरातच काय ते मी त्यांना हसताना पाहिलं.

निरोपाच्या कार्यक्रमाला गावानं मांडव घातला. माईक पुढे केला तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला आणि तसेच बोलले. मागच्यांना ऐकू आलं नाही. पुढे बसलेल्या मलाही सगळं आलं नाही. तुकाराम मात्र अगदी पुढे बसला होता.

मग माझी बदली झाली नारायणगावच्या बाजूला. काही वर्षं गेली. एकदा चष्मा करायला म्हणून गुरुजी नारायणगावला आले आणि मला स्टँडवर भेटले. वाकले होते, पण खिसा तसाच खुळखुळत होता. शाळा नाही, पोरं नाहीत, तर चिंचोके कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, सवय, नसले की सदरा हलका लागतो. आम्ही बाकड्यावर बसलो. तेवढ्यात एक बाई पिशवी सावरत आली आणि त्यांच्या पाया पडली. मी तिला ओळखलं नाही. गुरुजींनी ओळखलं. त्यांचा हात तिच्या डोक्यावर जाता जाता मध्येच थांबला.

सुवर्णा अंगानं भरली होती, बोलायला मोकळी झाली होती. मार्केटला टोमॅटो घालून परत निघाली होती. नवरा रिकामे क्रेट घेऊन पुढे गेलेला. तिची मुलगी पहिलीला होती. ती आमच्यामध्ये बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "गुरुजी, तुमी स्पीकरवर सांगायचा तसं आमच्याकडं कोन सांगत न्हाई. पोरगी काय शिकती मला काय बी कळत न्हाई बघा. सांगता का?"

गुरुजी माझ्याकडे बघू लागले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. हळू आवाजात, पण त्याच ओळीनं. पहिलीला शंभरपर्यंत अंक. शेळ्या मोजाव्यात, कोंबड्या नकोत. ती हसली, म्हणाली, म्होरं? दुसरीला घड्याळ. तिसरीला जिल्हा, नद्या, मटकी. चौथीला किल्ले, लंगडी, आणि... तिथं ते थांबले.

"भागाकार," सुवर्णाच म्हणाली, अगदी सहज. "तिथं तिचं तिलाच बघाया लागंल. आपल्याला भागाकार ह्या जन्मात न्हाई. तुमीच म्हणला व्हता न्हवं."

त्यात टोमणा नव्हता. आपली उंची किंवा आपलं माहेर सांगावं तसं तिनं ते सांगितलं. गुरुजी खोटं बोलत नाहीत, तर हे खरं, आणि एवढी वर्षं तिनं ते तसंच बाळगलं होतं. गुरुजींचा चेहरा मला पाहवेना. त्यांनी खिशातून चिंचोके काढले, मोजून तेरा बाकड्यावर ठेवले आणि म्हणाले, चौघांना वाटून दे बरं.

तिनं भराभर वाटले. तिच्या हाताला कसला विचार पडला नाही. तीन-तीनचे चार ढीग झाले, एक उरला, आणि तो तिनं शेवटच्या ढिगात टाकला.

"हा तिकडं का टाकलास?" गुरुजींनी विचारलं.

"ह्यो धाकट्याचा. उरलेलं धाकट्यालाच देत्यात. आई भाकरी तशीच वाटायची, हातात काय उरू द्यायची न्हाई."

गुरुजींनी वाकून त्या ढिगातले चार चिंचोके बोटानं मोजले. मग म्हणाले, "सुवर्णे, अगं, हाच भागाकार. ह्ये तवा मला का सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं?" ती म्हणाली, आणि हसली. तेवढ्यात जीपवाला आळेफाटा, आळेफाटा ओरडू लागला. तिनं पिशवी उचलली. पुन्हा पाया पडली, मला "येते बाई" म्हणाली आणि जीपमध्ये दाटीवाटीनं शिरली. जीप निघाली तेव्हा तिचा हात बाहेर होता.

मी काहीतरी बरं बोलायचं म्हणून म्हटलं, की गुरुजी, तिला येत होता तर. ते म्हणाले, "व्हय. पहिल्यापासनं येत व्हता." मग म्हणाले, "बाई, ह्ये आता कुठल्या स्पीकरवर सांगू?"

माझी गाडी लागली होती. मी त्यांना चला म्हटलं, पण त्यांची गाडी वेगळी. खिडकीतून मी मागे बघितलं. स्टँडवर गर्दी वाढली होती आणि एक म्हातारा बाकड्यावर टेकायला जागा शोधत होता. त्यानं हातानंच चिंचोके बाजूला घ्या, असं खुणावलं. गुरुजी उठून उभे राहिले आणि त्याला आपली जागा दिली. ते चार ढीग मात्र त्यांनी हलू दिले नाहीत.